रापण, किल्ला आणि चार फ्रेमचा रोल

भिंत १५ फूट लांब आणि ५ फूट उंच, मालवणात नव्यानं बांधलेल्या एका खानावळीतली. मालक दादांना तिच्यावर दांडी किनाऱ्यावरची रापण हवी होती, म्हणजे समुद्रात टाकलेलं जाळं माणसांच्या रांगा दोरांनी किनाऱ्यावर ओढतात ती मासेमारी. अख्खी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मागे सिंधुदुर्ग किल्ला. दादांची अट एकच होती, "जवळ जावन बघितला तरी फोटो फुटाक नको."

मी कुडाळात स्टुडिओ चालवतो. लग्न, साखरपुडा, बारसं, क्वचित एखाद्या हॉटेलचं मेन्यूकार्ड. १५ फुटी छपाई माझ्या हातून झाली ती फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, आणि फ्लेक्स बघायला कोणी जवळ जात नाही. म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसलो.

१५ फूट म्हणजे १८० इंच. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक कला कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो, म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहा फुटांवरून त्याचं गणित इंचाला ४८ पिक्सेलच्या आसपास येतं, तीन फुटांवरून ९६. जेवायला बसलेलं गिऱ्हाईक सहा फुटांवर असणार आणि हात धुऊन भिंतीपाशी रेंगाळणारं तीन फुटांवर. इंचाला १०० पिक्सेल मिळाले की दादांची अट पुरी. आडवे १८,०००, उभे ६,०००, म्हणजे १०८ मेगापिक्सेल. (मोबाईलच्या खोक्यावर छापतात ते १०८ इथे चालत नाहीत. तेवढ्याशा सेन्सरवर पिक्सेल कितीही कोंबले तरी लेन्स तेवढा तपशील देत नाही.)

माझा लग्नाचा कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा आहे, ८,२५६ बाय ५,५०४. त्याच्या एका फोटोतून एकास तीन मापाची पट्टी कापली तर इंचाला ४६ पिक्सेल उरतात. बसलेल्या गिऱ्हाइकाला पुरेल, उभ्याला फुटेल.

नेमक्या असल्या कामासाठी केलेला डिजिटल कॅमेरा जगात होऊन गेला आहे. झाइट्झ या स्विस कंपनीनं २००६ साली फिल्मच्या ६ बाय १७ सेंटिमीटर मापाच्या धर्तीवरचा डिजिटल पॅनोरमा कॅमेरा जाहीर केला, ७,५०० बाय २१,२५० पिक्सेलचा, म्हणजे जवळजवळ १६० मेगापिक्सेल. इंचाला ११८ मिळाले असते! किंमत मात्र तेव्हाच दहा लाखांच्या पुढे, आणि फोटो साठवायला सोबत संगणक बाळगायचा, कारण १६ बिटची एक फाइल जवळपास एक जीबीची. किमतीपेक्षा मला त्याच्या कामाची रीत महत्त्वाची वाटली. त्यात सेन्सर म्हणजे एक उभी पट्टी. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते आणि चित्र उभ्या रेघारेघांनी भरत जातं. सगळी रुंदी भरायला एक सेकंद. तेवढ्या आकाराला हा वेग थक्क करणारा आहे, पण सेकंदात लाट पुढे सरकते. डाव्या टोकाचा माणूस दोर ओढायला वाकलेला असताना सुरुवात झाली, तर उजवं टोक येईपर्यंत तिथली रांग सरळ झालेली असते.

ही गोष्ट नवी नाही. १९०४ साली पेटंट घेतलेला सर्कट नावाचा कॅमेरा स्वतःभोवती फिरत लांबलचक फिल्मवर चित्र काढायचा. शाळांचे, पलटणींचे ग्रुप फोटो त्यावर निघत. एखादं व्रात्य पोर डाव्या टोकाला उभं राहायचं, कॅमेरा पुढे वळला की पाठीमागून पळत उजव्या टोकाला जायचं आणि एकाच फोटोत दोनदा यायचं.

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन रांगा दोन दोर ओढायला लागतात, पुरुष, बाया, सुट्टी असेल तर पोरंही. ओढत ओढत माणूस मागे मागे वाळूवर चढतो, रांगेच्या शेवटाला पोचला की दोर सोडतो, पुन्हा पाण्यापाशी जातो आणि पुढून धरतो. रांग जागेवर दिसते, पण तिच्यातली माणसं सतत फिरत असतात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळं आकसतं आणि शेवटी तारली, बांगडे, पेडवे वाळूवर येतात. मग वाटे पडतात. हल्ली पर्ससीनच्या, म्हणजे समुद्रातच मोठ्या जाळ्यानं मासळीचा थवा घेरणाऱ्या, बोटींवरून भांडणं चालतात ती याच माणसांची. बाहेरच मासे उपसले गेले तर किनाऱ्यावर दोर ओढून मिळणार काय?

वाळूच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की डावीकडे एक रांग, उजवीकडे दुसरी, मधे पाण्यात जाळ्याचा अर्धगोल आणि त्यापलीकडे किल्ला. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि किल्ल्याच्या तटावर समोरून पडतं. लांबुळक्या चौकटीसाठीच मांडून ठेवल्यासारखा देखावा.

पहिल्यांदा मी अर्थातच पदरचा पैसा न घालता होणारा मार्ग धरला, जोडकाम. कॅमेरा उभा धरायचा, ८५ मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉडवर पॅनोरमाचं हेड, आणि शेजारच्या फोटोवर एक तृतीयांश चढवत ओळीनं सात फोटो. हेडचं काम एवढंच की कॅमेरा लेन्सच्या आतल्या ठरावीक बिंदूभोवती फिरावा, नाहीतर जवळचा दोर आणि दूरचा किल्ला प्रत्येक फोटोत एकमेकांसापेक्ष सरकतात आणि जोड जमत नाही. जोडणीसाठी पीटीगुई विकत मिळतं, हगिन फुकट मिळतं. दोन्हींच्या मुळाशी हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकानं लिहिलेलं पॅनोरमा टूल्स आहे. सात फोटो जोडले की साधारण २७,००० बाय ८,२०० पिक्सेल हाती येतात, २२० मेगापिक्सेल. झाइट्झपेक्षा जास्त, आणि तेही लग्नाच्या कॅमेऱ्यातून.

किल्ल्याचा तसा फोटो मी काढलाही, आणि तो उत्तम आला. १६६४ ते १६६७ मध्ये रचलेले दगड काही हलत नाहीत. हलतं ते पाणी, त्यावर उपाय आहे. लेन्सवर दहा स्टॉपची, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारी, काळी काच लावायची आणि प्रत्येक फोटो अर्ध्या मिनिटाचा घ्यायचा. लाटा पुसून जातात, समुद्र सपाट होतो आणि सांधे कुठे आहेत ते मलाही सापडत नाही. किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या सुरू व्हायच्या आत हे उरकावं लागतं, एवढंच. त्या फाइलमध्ये तटाचे चिरे मोजता येतात.

रापणीला ही युक्ती लागू नाही. अर्ध्या मिनिटात माणसं धूर होतात. साधे झटपट सात फोटो काढले तरी दहा-बारा सेकंद जातातच. संगणकावर जोडल्यावर जे दिसलं ते सर्कटच्या पोरासारखंच. निळ्या गंजीफ्रॉकातले एक काका रांगेच्या शेवटीही होते आणि पाण्यापाशीही. एका बाईंचे हात एका फोटोतले, पाय दुसऱ्यातले. दोर मधेच तुटून हातभर खाली पुन्हा सुरू होत होता. लाटेची कड सांध्याशी पायरी घेत होती. मास्क लावून, म्हणजे प्रत्येक फोटोतला नको तो भाग झाकून, हे हातानं दुरुस्त करता येतं, कोणता माणूस कोणत्या फोटोतला ठेवायचा ते ठरवत बसायचं. मी काही रात्री बसलो. सात थरांची १६ बिटची फाइल टिफ या फाइल प्रकाराच्या चार जीबीच्या मर्यादेबाहेर गेली, मग मोठ्या फाइलींसाठी असलेल्या पीएसबीत साठवली आणि माझा संगणक प्रत्येक सेव्हला दम खायला लागला. माणसं शेवटी जुळली. पण रांगेचा ताल गेला. दोर ओढताना सगळे एकाच वेळी मागे रेलतात, त्यातच त्या फोटोचा जीव आहे. माझ्या चित्रात निम्मे रेलले होते आणि निम्मे श्वास घेत होते. दादांच्या खानावळीत जेवायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक कधी ना कधी त्या दोराला हात लावलेले. त्यांना पहिल्या घासाला कळलं असतं.

म्हणजे हवा होता एक क्षण, पण रुंद. १०० मेगापिक्सेलचे मिडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचे, कॅमेरे आता मिळतात. फुजीफिल्मचा पहिला २०१९ साली आला, ११,६४८ बाय ८,७३६ पिक्सेलचा. एका टिचकीत आडवे साडेअकरा हजार, भिंतीवर इंचाला ६५. १०० नव्हेत, पण ४६ पेक्षा पुष्कळ बरे. विकत घेण्याचा विचारही नको, भाड्यानं मुंबईत मिळतात. चौकशी केली. भाडं दिवसावर, लेन्सचं वेगळं, अनामत वेगळी, आणि कुडाळपर्यंत आणण्या-नेण्याचे दिवसही त्याच मीटरवर. आता रापण काही मुहूर्त काढून लागत नाही. वारा फिरला, पाणी गढूळ झालं, मासळीची चाहूल नसली तर होडी पाण्यात जातच नाही. सकाळी सहाला दांडीवर जाऊन चहा पिऊन परत यायचं, असं कितीदा होईल याचा भरवसा नाही. त्या प्रत्येक चहाचं भाडं कोण भरणार?

फिल्मचा विचार इथे आला, आणि तो हौस म्हणून आला नाही. डिजिटलचा खर्च दिवसावर चढतो, मग तो भाड्याचा असो की हप्त्याचा. फिल्मचा खर्च बटण दाबलं तरच होतो. वाट बघायला ती पैसे घेत नाही.

पुण्याच्या एका मित्राकडे फुजीचा जी ६१७ आहे, १९८३ च्या सुमाराचा. लेन्स एकच, बदलता न येणारी, १०५ मिलिमीटर, एफ ८. बॅटरी नाही, मीटर नाही, ऑटोफोकस नाही. वर एक स्वतंत्र व्ह्यूफाइंडर आणि पातळी बघायला बुडबुडा. साध्या १२० रोलवर ५६ बाय १६८ मिलिमीटरची चौकट उमटते, एका रोलवर चार. आडवी नजर ७७ अंशांची, आणि सगळी रुंदी एकाच शटरच्या उघडझापेत. मित्रानं पैसे घेतले नाहीत, पण अट घातली की कोकणातल्या हवेत कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबरच राहील. बरोबरच आहे. आमच्याकडे एका पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते.

रोल फ्रीजमध्ये ठेवले होते. दमट हवेत थंड रोलचं पाकीट लगेच फोडलं तर फिल्मवर पाणी धरतं, म्हणून रात्रीच बाहेर काढून ठेवायचे, पाकीट न फोडता. स्लाइड फिल्मच्या वाटेला गेलो नाही. रंग देखणे येतात, पण तिला उजेडातली चूक खपत नाही, आणि सकाळच्या उन्हात चमकतं पाणी व सावलीतले चेहरे एकाच चौकटीत म्हणजे तिची परीक्षाच. कोडॅकची ४०० आयएसओची पोर्ट्रा ही रंगीत निगेटिव्ह फिल्म घेतली. दोन स्टॉप जास्त उजेड पडला तरी ती कुरकुर करत नाही.

दांडीवर वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीवर, मालकाला विचारून, ट्रायपॉड चढवला. तेवढी उंची लागतेच, नाहीतर पुढच्या माणसांमागे मागची झाकतात. लेन्सला सेंटर फिल्टर, कारण इतक्या रुंद चौकटीत कडा काळवंडतात. हा फिल्टर मधला उजेड कापून कडांच्या बरोबरीला आणतो. त्यात एक स्टॉप जातो. जवळचा दोर आणि दूरचा तट दोन्ही स्पष्ट हवे म्हणून लेन्सचं छिद्र बारीक, एफ २२. मीटर म्हणून माझा डिजिटल कॅमेरा वापरला. हिशेब एका सेकंदाच्या साठाव्या भागावर आला, दोर ओढणाऱ्या माणसांना तो पुरतो.

रापणीतले एक आजोबा दोर सोडून परत पाण्याकडे जाताना थांबले.

"रे, ह्यो कॅमेरो काय बाजाची पेटी?"

"कॅमेरोच, आजोबा."

"किती फोटो येतत ह्याच्यात?"

"चार."

"चारच? माझ्या नातवाच्या मोबाईलात हजारांनी आसत." मग जाता जाता, "मगे नीट बघून काढ."

चार फ्रेमचा रोल माणसाला काय करतो ते तिथे कळलं. रांगा दूर होत्या तेव्हा मी हात आवरला. रोल बदलायला सावली हवी, कोरडे हात हवे, वाळूपासून बचाव हवा. शेवटच्या टप्प्यात रोल संपला तर बदलेपर्यंत मासे टोपलीत जातात. त्यामुळे रांगा जवळ येऊन जाळ्याचा अर्धगोल पाण्यावर स्पष्ट दिसायला लागेपर्यंत थांबलो. मग "होऽऽ" झालं, सगळे रेलले, दाबलं. पुढच्या "हो"ला पुन्हा. असं होईल त्या सकाळी काही रोल संपवले. ज्या सकाळी रापण लागली नाही त्या सकाळचा खर्च पेट्रोल आणि चहा.

धुलाई घरीच केली. लोकांना वाटतं रंगीत अवघड आणि कृष्णधवल सोपं. कोकणात उलट आहे. कृष्णधवल डेव्हलपर २० अंशांला वापरायचं आणि आमच्या नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर, म्हणजे बर्फ आलाच. रंगीत निगेटिव्हचं सी-४१ डेव्हलपर ३७.८ अंशांला, सव्वातीन मिनिटं. पाणी थोडं तापवून बादलीत बाटल्या ठेवल्या की झालं. फिल्म १२० चीच, त्यामुळे नेहमीच्या टाकीत, नेहमीच्या रिळावर जाते. त्रास वाळवण्याचा. दमट हवेत फिल्म लवकर सुकत नाही आणि ओली असेपर्यंत धूळ ओढते. न्हाणीघर धुऊन, दार लावून, आत कोणाला जायला बंदी. घरच्यांनी शेजारी आंघोळी केल्या.

आता एवढी मोठी निगेटिव्ह संगणकात न्यायची कशी? ड्रम स्कॅनची, म्हणजे सगळ्यात बारीक आणि महागड्या स्कॅनची, चौकशी केली आणि फोन ठेवला. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरवर ६,४०० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, लिहिलेलं असतं, पण खरा तपशील २,४०० च्या आसपास थांबतो. तेवढ्यात आडवे १५,८०० पिक्सेल, भिंतीवर इंचाला ८८. चाललं असतं.

पण निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली आणि लक्षात आलं, आता तर काहीच हलत नाही. काका एकाच जागी आहेत, लाट थांबलेली आहे, दोर सलग आहे. समुद्रावर न जमलेलं जोडकाम इथे करायला कोणाची हरकत? तोच ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा कॉपी स्टँडवर उलटा टांगला, मॅक्रो लेन्स लावली, निगेटिव्ह फ्रेममध्ये ताणून धरली आणि कॅमेरा न हलवता तीच खालून थोडी थोडी सरकवत सहा फोटो घेतले. निगेटिव्हची ५६ मिलिमीटरची उंची सेन्सरच्या लांब बाजूत थोडी जागा राखून बसवली तर ३,५०० डीपीआयचा स्कॅन होतो. जोडल्यावर २३,००० बाय ७,७०० पिक्सेल, सुमारे १७७ मेगापिक्सेल, इंचाला १२८. जोडणी पहिल्या फटक्यात झाली, मास्क वगैरे काही नाही. काळजी घ्यायची ती दोनच गोष्टींची. लाइटबॉक्सचा उजेड कडेला मंद असतो, म्हणून निगेटिव्हशिवाय एक कोरा फोटो घेऊन तो फरक वजा करायचा. आणि कॅमेरा खालच्या काचेला तंतोतंत समांतर हवा. त्यासाठी काचेवर आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आणलं.

खरं सांगायचं तर १७७ मेगापिक्सेल हा आकडा दादांना सांगण्यापुरता. फिल्मवर तेवढी माहिती नसते. फाइलचा एकेक पिक्सेल पडद्यावर दिसेल इतकी ती मोठी करून बघितली तर चेहऱ्यांवर दाणे दिसतात, आणि किल्ल्याचे चिरे माझ्या जोडलेल्या डिजिटल फोटोइतके मोजता येत नाहीत. निव्वळ तपशिलाच्या शर्यतीत सात फोटोंचं जोडकाम फिल्मला आरामात मागे टाकतं. पण दाणा फुटतो तो वाळूसारखा, पिक्सेल फुटतो तो टाइल्ससारखा. भिंतीवर तीन फुटांवरून दाणे त्रास देत नाहीत.

हिशेब असा बसला. रोल दीडेक हजाराला पडला, धुलाईच्या रसायनांचा वाटा धरून एक फ्रेम साडेचारशेच्या घरात. सगळे रोल मिळून खर्च भाड्याच्या कॅमेऱ्याच्या अनामत रकमेच्या आसपासही गेला नाही. मित्राचा कॅमेरा फुकट मिळाला हे मात्र यात धरायला हवं. तो विकत घ्यायचा तर जुना, बुरशीची धास्ती असलेला आणि दुरुस्तीला माणूस न मिळणारा कॅमेरा लाखांत घ्यावा लागतो. वर्षाला असं एखादंच काम असेल तर ते परवडत नाही. दर महिन्याला असतं तर फिल्मही परवडली नसती, तेव्हा १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा हप्त्यानं घेऊन मोकळा झालो असतो.

चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून प्रिंट भिंतीवर न चिकटवता अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर चढवून मागे बोटभर हवा खेळती ठेवली. दादांनी तीन फुटांवरून, मग एक फुटावरून बघितलं, चष्मा काढून घालून बघितलं, आणि पैसे दिले.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. पडवीतल्या भिंतीवर देवबागचा संगम हवा आहे, कर्लीची खाडी समुद्राला मिळते ती जागा, पहाटेची, माणूस नको, होडी नको. "त्याच चार फोटोच्या पेटीन काढ." मी म्हटलं, तिथे काही हलणार नाही, काळी काच लावून माझ्याच कॅमेऱ्यानं काढतो, तपशील जास्त येईल. त्यांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे रोल नाय?"

"नाय."

"मगे पैसे कसले?"

माझा लग्नाचा कॅमेरा हप्त्यावर घेतलेला आहे हे त्यांना कसं सांगावं याचा विचार चालू आहे. कोटेशन अजून पाठवलेलं नाही.